मृगापूर्वीं ट्रॅक्टरची गिअरपेटी

बंडीच्या आंसास वंगण घातल्यावांचून ती रस्त्याला लावूं नये, हें आपल्या इकडील शेतकऱ्याच्या मुलास कोणी शिकवावें लागत नाहीं. आंस कोरडा पडला कीं बंडी कुरकुरूं लागते, ती कुरकुर दूरवर ऐकूं येते, आणि ज्याची बंडी कुरकुरते त्याला गांव हंसतें. म्हणून वंगणाचें नळकांडें बंडीखालीं टांगलेलेंच असावयाचें. आतां बहुतेक गांवांतून बंडीच्या जागीं ट्रॅक्टर उभा आहे. त्याचे आंस व त्याचीं दंतचक्रें एका जड ओतीव पेटींत बंद आहेत. तीं दिसत नाहींत, आणि इंजिनाच्या आवाजाखालीं त्यांची कुरकुर कोणाच्या कानीं पडत नाहीं. परिणाम असा झाला आहे कीं, जो मनुष्य बैलाच्या खांद्याची सूज नुसता हात लावून ओळखतो, तोच मनुष्य लाखो रुपयांच्या यंत्राच्या पोटांत काय चाललें आहे हें पांच-पांच वर्षें पाहत नाहीं. इंजिनाचें तेल तो बदलतो, कारण दुकानदार व शेजारी त्याची आठवण देतात. गिअरपेटीच्या तेलाची आठवण त्याला कोणी देत नाहीं.

वर्धा जिल्ह्यांतील भारी काळ्या जमिनींत ह्या दुर्लक्षाची किंमत अधिक पडते. ही जमीन कोरडी असतां दगडासारखी, ओली असतां लोण्यासारखी. दोहोंच्या मध्यें जे थोडे दिवस वाफशाचे सांपडतात, तेवढ्यांत सर्व तालुक्याची पेरणी उरकावयाची असते. त्या दिवसांत ट्रॅक्टर पहांटेपासून रात्रीपर्यंत चालतो, आणि वर्षभर दबून राहिलेलें दुखणें नेमकें त्याच वेळीं वर येतें. मिस्त्री तेव्हां दहा गांवांना हवा असतो. सुटे भाग नागपुराहून यावयाचे असतात. आकाशाकडे पाहत बसण्याची पाळी आपल्यावर पुष्कळदां येते. परंतु आकाश अनुकूल, जमीन तयार, बी घरांत, आणि एका बेअरिंगापायीं हात बांधलेले, हें दुःख निराळेंच आहे.

तें मीं गेल्या साली भोगलें. मृगाच्या अखेरीस चांगला पाऊस झाला व तिसऱ्या दिवशीं वाफसा आला. पेरणीयंत्र जोडून दोन एकर पेरून झाले असतील नसतील, तों दुसरा गिअर आपोआप सुटूं लागला. चालकानें दांडा हातानें दाबून धरून आणखी चार तास घेतलीं. संध्याकाळीं पेटींतून असा आवाज येऊं लागला कीं जात्यांत कोणी खडे टाकले आहेत. खालचें बूच काढलें तेव्हां तेल म्हणून जें बाहेर आलें तें ताकासारखें पांढुरकें होतें. पेटींतील मधल्या दांड्याचें बेअरिंग गंजून त्याच्या गोळ्यांवर खळगे पडले होते, आणि दोन चक्रांचे दांत टोकांना झडले होते. पेटी उतरवून, भाग आणून ती पुन्हां बसेपर्यंत आर्द्रा सरून पुनर्वसु लागलें. शेजाऱ्यानें आपली बैलजोडी व तिफण दोन दिवस दिली म्हणून चार एकर कपाशी वेळेवर टोचली गेली. बाकीचें सोयाबीन उशिरा पडलें, आणि त्याचा उतारा सांगण्यासारखा आला नाहीं.

पाणी पेटींत शिरलें कसें, ह्याचा शोध मागाहून लागला. तो पुढें येईलच. येथें एवढेंच सांगावयाचें कीं त्या दोन दिवसांत बैलांनीं यंत्राची लाज राखली, आणि वर्ध्यासारख्या ठिकाणीं ही गोष्ट थोडी विनोदाचीही आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें ह्याच वर्ध्यास होतें. त्याचे धुरीण जे. सी. कुमारप्पा ह्यांचें मत यंत्रापेक्षां बैलाच्या बाजूचें होतें. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलें मगन संग्रहालय अद्यापि येथें आहे. जमनालाल बजाज ह्यांच्या एका जुन्या फोर्ड मोटारीस बैल जुंपून ती वर्धा व सेवाग्राम ह्यांच्या दरम्यान चालवीत, आणि बैल व फोर्ड मिळून झालेल्या त्या वाहनास थट्टेनें ‘ऑक्सफर्ड’ म्हणत, अशी आठवण येथील जुनीं माणसें सांगत आलीं आहेत. त्या गाडीला गिअरपेटीची गरज उरली नव्हती. तिचें काम बैलाच्या पायांनीं केलें.

परंतु काळाचा ओघ दुसऱ्या बाजूस गेला. १९४७ साली केंद्र सरकारनें ‘सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन’ काढून, महायुद्धानंतर अमेरिकन सैन्यानें मागें ठेवलेले ट्रॅक्टर कांस गवतानें व्यापलेल्या जमिनी मोडण्यास लाविले. १९४९ साली जागतिक बँकेनें अशाच कामाच्या यंत्रांसाठीं भारतास एक कोटि डॉलरचें कर्ज दिलें. १९५९ साली फरीदाबादेस आयशर कंपनीनें देशांत ट्रॅक्टर बांधावयास आरंभ केला, आणि आतां तर आपल्या शेजारीं नागपुरासच महिंद्राचे ट्रॅक्टर तयार होतात. सरकारी यंत्राची निगा सरकारी मनुष्यांनीं राखावयाची होती. ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या मालकीचा झाला तेव्हां तें काम त्याच्याकडे आलें, आणि त्याला तें कोणी समजावून दिलें नाहीं.

तेव्हां प्रथम ह्या पेटीचें काम काय तें पाहूं. नांगरटीच्या वेळीं ट्रॅक्टरचें इंजिन मिनिटास सुमारें २००० फेरे घेतें. मागील मोठें चाक एका फेऱ्यांत साधारण सवाचार मीटर पुढें जातें. ट्रॅक्टर ताशीं चार किलोमीटर चालत असेल तर त्या चाकाचे मिनिटास अवघे सोळा फेरे होतात. म्हणजे इंजिनाच्या सव्वाशे फेऱ्यांचा चाकाचा एक फेरा. वेग जितका कमी केला तितकी ओढ वाढते. लहान माणूस लांब पहारीनें मोठा धोंडा हलवितो तसेंच हें आहे. दोन हजारांचे सोळा करण्याचें काम तीन टप्प्यांनीं होतें. पहिला टप्पा गिअरपेटींतील लहानमोठ्या चक्रांचा. दुसरा टप्पा मागील आंसाच्या मध्यावर, जेथें फेरा काटकोनांत वळून दोन्ही चाकांकडे वांटला जातो. त्यास डिफरन्शियल म्हणतात, आणि वळणावर बाहेरील चाक अधिक व आंतील कमी फिरावें ही सोय त्याचीच. तिसरा टप्पा चाकाजवळील मोठ्या चक्राचा. शेवटच्या दोन टप्प्यांतील दांतांवर जो दाब पडतो तो इतका असतो कीं लोखंडास लोखंड उघडें लागलें तर कांहीं तासांत दांत खरवडून निघावेत. तसें होत नाहीं, ह्याचें कारण दोन दांतांमध्यें सदैव राहणारा तेलाचा पातळ पापुद्रा. तो पापुद्रा टिकला तर पेटी ट्रॅक्टरच्या सर्व भागांहून अधिक दिवस जगते. तो फाटला तर नवी चक्रें घालूनही उपयोग होत नाहीं.

ह्या तेलाविषयीं सर्वांत मोठा गैरसमज असा कीं तें केवळ गिअरांचें तेल आहे. आजच्या बहुतेक ट्रॅक्टरांत गिअरपेटी, डिफरन्शियल व मागील उचल, म्हणजे ज्यास आपण हायड्रॉलिक किंवा लिफ्ट म्हणतों ती, ह्यांचें तेल एकच असतें. कित्येकांत ब्रेकही त्याच तेलांत बुडालेले असतात. त्याच तेलानें दांत सांभाळावयाचे, नांगर उचलावयाचा, ब्रेकच्या चकत्या थंड ठेवावयाच्या आणि ब्रेकला पकडही येऊं द्यावयाची. म्हणून ह्या कामाचें तेल निराळेंच बनवितात. दुकानांत ‘नव्वद नंबरचें द्या’ म्हणून जें जाड तेल मागून आणतात, तें कांहीं जुन्या ट्रॅक्टरांस योग्य असतें. परंतु तेलांत बुडालेल्या ब्रेकांच्या ट्रॅक्टरांत तें घातलें तर ब्रेक कर्कश आवाज करतात, थंडीच्या दिवसांत लिफ्ट सावकाश उठते, आणि पंपास तेल ओढतांना कष्ट पडतात. उलट कांहीं जाड तेलांत दांतांच्या रक्षणाकरितां गंधकयुक्त द्रव्यें घातलेलीं असतात. तीं गिअरपेटींतील पितळी भागांस हळूहळू खातात. तेव्हां तेल कोणतें व किती, हें कारखान्याच्या पुस्तिकेंत पाहावें. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा रंग आपल्यासारखा असला तरी त्याच्या पेटींतील तेल आपल्यासारखें असेलच असें नाहीं. माझ्या पेटींत मागील वर्षीं एका दुरुस्तीच्या ठिकाणीं इंजिनाचें उरलेलें तेल ‘तेवढ्यापुरतें’ म्हणून भरलें होतें. मीं तेथें उभा असूनही विचारलें नाहीं, ही चूक माझी.

आतां पाण्याविषयीं. पेटी बंद असली तरी तिला श्वास घ्यावा लागतो. काम करतांना तेल तापतें, आंतील हवा फुगते व ती एका लहान तोटीवाटे बाहेर पडते. रात्रीं पेटी निवते तशी बाहेरची हवा आंत येते. ही श्वासाची तोटी, मिस्त्री लोक हिला ब्रीदर म्हणतात, पेटीच्या वरच्या भागीं असते, आणि धूळ व तेल ह्यांचा थर बसून ती पुष्कळदां बुजलेली आढळते. ती बुजली कीं तापलेल्या हवेचा दाब तेलास रबरी सीलांतून बाहेर ढकलतो. मग चाकाच्या आंतल्या अंगास तेलाचे ओघळ दिसतात, आणि मालक नवें सील बसवितो. तें नवें सीलही महिन्यांत गळूं लागतें. दोष तोटीचा, खर्च सीलाचा! तोटी काढून रॉकेलांत धुण्यास पांच मिनिटें लागतात.

माझ्या पेटींत पाणी शिरलें तें दोन वाटांनीं. शेताच्या वाटेवर एक नाला आहे. पावसाळ्यांत त्याला मांडीभर पाणी असतें. दिवसभर तापलेला ट्रॅक्टर त्या थंड पाण्यांत घातला कीं पेटींतील हवा एकदम आकसते, आणि जेथें फट मिळेल तेथून ती पाणी ओढून घेते. दुसरी वाट पोळ्याची. आमच्याकडे पोळ्याला बैलांबरोबर ट्रॅक्टरही धुतात व त्याला हार घालतात. दसऱ्याला पुन्हां तेंच. पूर्वीं बादलीनें धूत, आतां जोराच्या पिचकारीनें धुतात. गिअरच्या दांड्यापाशीं जें रबराचें टोपण असतें तें फाटलेलें होतें, आणि धुणाऱ्या मुलानें चिखल निघावा म्हणून धार नेमकी तेथेंच धरली होती. टोपणाची किंमत किरकोळ असते. तें फाटलें असेल तर हा लेख पुरा वाचण्यापूर्वीं जाऊन बदलावें, असें मी म्हणेन.

तिसरी एक वाट अशी आहे कीं तिचा विचार फारच थोडे लोक करतात. उलटणारी ट्रॉली वर उचलण्यास जें तेल लागतें तें ट्रॅक्टरच्या ह्याच पेटींतून जातें व ट्रॉली खालीं आली कीं परत येतें. आपल्या गांवांत एक ट्रॉली चार ट्रॅक्टरांना लागते. ज्याच्या पेटींत पाणी वा लोखंडाचा कीस असेल त्याचें तेल ट्रॉलीच्या नळकांड्यांत उरतें, आणि दुसऱ्या दिवशीं तें आपल्या पेटींत येतें. शिवाय नळी जोडण्याचें तोंड जमिनीवर लोळत असतें; त्यावरील माती पुसल्याशिवाय तें जोडलें तर ती माती सरळ पंपांत जाते. ट्रॉली मागितली तर शेजाऱ्यास नाहीं म्हणणें आपल्याकडे बरें दिसत नाहीं, आणि म्हणूंही नये. परंतु तोंडावर टोपण बसवावें, तें स्वच्छ फडक्यानें पुसावें, आणि अशी ट्रॉली वापरल्यावर आपल्या तेलाचा रंग चार-आठ दिवसांनीं पाहावा. ट्रॉली वर उचललेली असतां पेटींतील तेल कमी दिसतें, म्हणून कोणी वर तेल ओततात. ट्रॉली खालीं आली कीं तें जास्त होऊन सीलांतून वाहतें.

तेल पाहण्याची रीत सोपी आहे. ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करावा. मागील अवजार जमिनीवर टेकवावें, इंजिन बंद करावें, आणि दहा मिनिटें थांबावें. मग मोजपट्टी काढून पुसून पुन्हां घालून काढावी; पट्टी नसेल तर बाजूस पातळीचें बूच असतें. तेल किती आहे ह्याहून तें कसें आहे हें अधिक महत्त्वाचें. तें दोन बोटांत चोळावें. नितळ, पिवळसर वा तांबूस आणि गुळगुळीत असेल तर ठीक. ताकासारखें दिसलें तर पाणी आहे. अशा वेळीं ‘पेरणी होऊं द्या, मग पाहूं’ असें म्हणूं नये, कारण पाणी मिसळलेलें तेल पापुद्रा धरीत नाहीं आणि बेअरिंग गंजण्यास पेरणीचे दिवस पुरेसे होतात. तेल काळें पडून जळका वास येत असेल तर ब्रेक घासत आहेत, किंवा तेल केव्हांच बदलावयास हवें होतें. बोटाला कणी लागली तर त्याच दिवशीं मिस्त्री बोलवावा.

बदलण्याची मुदत प्रत्येक कारखान्याची निराळी आहे. इंजिनाचें तेल पुष्कळ ट्रॅक्टरांत दर २५० तासांनीं, तर पेटीचें दर १००० तासांच्या सुमारास बदलण्यास सांगितलेलें असतें; नव्या ट्रॅक्टरांत मात्र आरंभीं दांत एकमेकांवर बसतांना बारीक कीस निघतो, म्हणून कांहीं कारखाने पहिलें तेल फार लौकर काढावयास सांगतात. वर्षास पांचशें तास चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या मालकास इंजिनाचें तेल वर्षांतून दोनदां बदलावें लागतें, तें त्याच्या अंगवळणीं पडतें. पेटीचें तेल दोन वर्षांतून एकदां. तें कोणाच्या ध्यानांत राहणार? तीस ते साठ लिटर तेल एकदम विकत घ्यावयाचें म्हणजे रक्कमही मोठी होते, आणि हात आंखडतो. मीं आतां तासांचा आंकडा व तारीख बॉनेटाच्या आंतल्या बाजूस रंगानें लिहून ठेवतों. ज्यांचा ट्रॅक्टर वारंवार पाण्यांतून जातो किंवा दिवसचे दिवस रोटाव्हेटर ओढतो, त्यांनीं छापील तासांची वाट पाहूं नये.

हें काम रोहिण्यांच्या आधीं, उन्हाळी नांगरट आटोपतांच करावें. तास-दोन तास काम करून ट्रॅक्टर परत आला कीं तेल कोमट असतें व गाळ त्यांत मिसळलेला असतो. तेव्हांच तो निघतो. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरचें तेल काढलें तर वरचें तेल निघून गाळ तळीं बसून राहतो. चाकांना पुढें-मागें दगड लावावे. बुचाभोवतालची माती आधीं खरडून पुसावी. कित्येक ट्रॅक्टरांत गिअरपेटी, डिफरन्शियल व दोन्ही आंसांचे शेवट ह्यांना निरनिराळीं बुचें असतात; एकच काढून काम झालें असें समजल्यास बरेंचसें जुनें तेल आंतच राहतें, आणि नव्या तेलाची नासाडी होते. बुचास लोहचुंबक असेल तर त्यावरील चिखल नीट पाहावा. करडा, लोण्यासारखा मऊ थर हा नित्याच्या झिजेचा आहे, त्यास भिऊं नये. त्यांत नखाएवढी कपची किंवा दांताचा तुकडा सांपडला तर नवें तेल ओतण्यापूर्वीं पेटीचें झांकण उघडून पाहावें. तारेची गाळणी रॉकेलांत धुवावी, कागदाची गाळणी नवी घालावी. तेल भरल्यावर इंजिन थोडा वेळ चालवून लिफ्ट चार-पांच वेळां वर-खालीं करावी आणि पातळी पुन्हां पाहावी. गाळणींत व पंपांत तेल गेल्यानें ती उतरलेली असते.

क्लचविषयीं थोडेंच लिहितों, कारण त्याचा आजार लपत नाहीं. पाय कायम पेडलावर ठेवून चालविण्याची खोड बहुतेक चालकांस असते. त्यानें चकती अर्धवट सुटून घासत राहते व जळते. पेडल दाबतांना आरंभीं बोट-दीड बोट मोकळी चाल असावी, नेमकी किती तें पुस्तिकेंत असतें. चकती झिजते तशी ही चाल कमी होते, आणि ती नाहींशी होण्यापूर्वीं दांडी जुळवून घ्यावी. क्लचच्या घराच्या बुडाशीं कित्येक ट्रॅक्टरांत एक लहान भोंक असतें व त्यांत एक पिन लोंबत असते. ती पिन निरुपयोगी समजून काढून टाकूं नये; ती हलत राहते म्हणून भोंक चिखलानें बुजत नाहीं. त्या भोकांतून तेल ठिबकूं लागलें तर पुढचें किंवा मागचें सील गेलें आहे असें समजावें. चकतीवर तेल पोंचलें कीं ती घसरूं लागते.

काळ्या जमिनींत एक चाक फसून गरगर फिरूं लागलें कीं डिफरन्शियल जखडण्याचें पेडल दाबावयाचें असतें, म्हणजे दोन्ही चाकें एकत्र फिरतात. हें पेडल ट्रॅक्टर सरळ चालत असतांनाच, आणि चाक गरगरत नसतांना दाबावें. धुऱ्याजवळ वळण्यापूर्वीं तें सुटलें आहे हें पाहावें. जखडलेल्या स्थितींत ट्रॅक्टर वळविला तर एका चाकास दुसऱ्याहून जास्त जावयाचें असतें व जातां येत नाहीं. तो सर्व ताण चार लहान चक्रांच्या दांतांवर येतो. त्याचप्रमाणें कापूस भरलेली ट्रॉली उतारावर गिअर सोडून मोकळी पळवूं नये. आर्वी-कारंजा-आष्टीकडील चढउतारांवर डिझेल वांचविण्यासाठीं हें करणारे चालक आहेत. मोकळ्या गाडीला इंजिनाची आडकाठी राहत नाहीं, सर्व भार ब्रेकवर येतो, आणि धांवत्या गाडींत गिअर परत घालूं गेल्यास दांतावर दांत आपटतात. ह्यांत पेटी तर जातेच, परंतु अशा रीतीनें माणसेंही गेलीं आहेत.

चालकास दोष देणें सोपें आहे. सालदारास किंवा मजुरीच्या चालकास किल्ली देतांना आपण डिझेल किती लागेल तें सांगतों. दांडा केव्हां हलवावा, पेडल केव्हां सोडावें, हें कोण सांगतो? पुष्कळ चालक दुसऱ्याला चालवितांना पाहून शिकलेले असतात, आणि तो दुसरा तिसऱ्याला पाहून. मध्यप्रदेशांत नर्मदेच्या कांठीं बुधनी येथें १९५५ पासून केंद्र सरकारची शेतीयंत्रांच्या शिक्षणाची व परीक्षेची संस्था आहे. तेथें शेतकरी व चालक ह्यांचे वर्ग होतात. आपल्या जिल्ह्यांत सेलसुरा येथें कृषि विज्ञान केंद्र आहे. उन्हाळ्यांत गांवांतील पांच-सहा चालकांनीं मिळून तेथें विचारणा केली तर कांहीं वावगें होणार नाहीं. प्रवासखर्च मालकांनीं वांटून घ्यावा. माझ्या चालकानें दांडा हातानें दाबून चार तास घेतलीं, तीं माझेंच काम अडूं नये म्हणून. थांबवावयास मी बांधावर उभा होतों.

रोटाव्हेटरला त्याची स्वतःची लहान गिअरपेटी असते व बाजूस दुसरी. त्यांचें तेल ट्रॅक्टरच्या तेलाहून वेगळें. पऱ्हाटीचे धसकटे, सुतळी आणि अलीकडे ठिबकाच्या फाटक्या नळ्या त्याच्या दांड्याला गुंडाळल्या जाऊन सीलापर्यंत पोंचतात व सील कापतात. काम संपल्यावर त्या काढाव्या. मात्र इंजिन बंद करून, किल्ली खिशांत घालून. ट्रॅक्टर व अवजार ह्यांना जोडणारा दांडा मिनिटास ५४० फेऱ्यांच्या वेगानें फिरतो, म्हणजे सेकंदास नऊ. त्यावरचें प्लॅस्टिकचें आवरण मोडलें कीं तें फेंकून देतात आणि दांडा उघडाच फिरतो. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा गळ्यांतला दुपट्टा त्यांत सांपडल्यास माणूस सुटत नाहीं. त्या दांड्याच्या दोन्ही सांध्यांना रोजच्या रोज ग्रीस द्यावें, आणि तो फिरत असतां त्यावरून ओलांडून जाऊं नये, लहान मुलांस तर जवळ फिरकूंही देऊं नये.

राहतां राहिलें काढलेलें जुनें तेल. तें विहिरीजवळ वा नाल्यांत ओतूं नये. थोडें तेलही पुष्कळ पाणी नासवितें, आणि वर्षानुवर्षें ओतलेल्या जागीं कांहीं उगवत नाहीं. कुंपणाच्या खांबांच्या बुडाला वाळवी लागूं नये म्हणून तें फांसण्याची रीत आहे, परंतु चाळीस लिटर तेल लागेल इतके खांब कोणाकडे असतात? झांकणाच्या डब्यांत भरून, पाणी न मिसळतां, तें सांठवून ठेवावें. जुनें तेल परवान्यानें विकत घेऊन शुद्ध करणारे कारखाने आहेत, आणि त्यांच्यासाठीं तें गोळा करणारे लोक तालुक्याच्या गांवीं सर्व्हिस-स्टेशनांवर येतात. माझ्या त्या ताकासारख्या तेलाचा डबा मात्र कोणी घेतला नाहीं. तो अजून गोठ्याच्या कोपऱ्यांत ठेवलेला आहे.